तोंड उजेडाकडे

समजा, तुमच्या हातात एक कोरा कागद आणि पेन्सिल दिली आणि सांगितलं, की या हॉलमध्ये एक मशीन बसवायची आहे, जागा आखून द्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! मशीनची लांबी-रुंदी विचारायची, तेवढा चौकोन काढायचा, झालं काम.

थांबा. ही मशीन प्लास्टिकचे पाइप कापते. बागेला पाणी घालायला वापरतात तसले, लवचीक, गुंडाळीत येणारे. म्हणजे आधी ती गुंडाळी ठेवायला एक फिरतं स्टँड हवं. गुंडाळीतून सुटलेला पाइप लगेच सरळ होत नाही, झोपेतून उठल्यासारखा आळोखेपिळोखे देत येतो, म्हणून स्टँड आणि मशीन यांच्यात चांगली मोकळी जागा सोडायला हवी. दुसऱ्या टोकाला कापलेले तुकडे पडणार, त्यांना लांब पन्हळ हवी. विजेच्या कपाटाचं दार पूर्ण उघडायला हवं. पातं बदलणाऱ्याचं कोपर कुठे आपटता कामा नये. गुंडाळ्या आणणारी ढकलगाडी वळली पाहिजे. आता पुन्हा कागदाकडे बघा. केवढासा वाटतो ना?

आणि एक सांगायचं राहिलं. त्या हॉलमध्ये आधीपासून एक टेबल आहे, त्या टेबलाशी सहा बायका काम करतात, आणि त्यांतली एक तुमची नणंद आहे.

हे काम जिच्या गळ्यात पडलं होतं, तिला कारखान्यात सगळे पट्टीताई म्हणत. कमरेला स्टीलची टेप लावलेली, आणि ती सारखी खर्रकन ओढून सोडायची सवय. नवीन माणूस भेटला तर ती आधी त्याची उंची मनात लिहून घेते आणि मग नाव विचारते, असं फोरमन म्हणायचा. यात अतिशयोक्ती फार नव्हती. कॅन्टीनचा बाक भिंतीपासून वीतभर पुढे ओढला तर मागून जाणाऱ्याचा चहा सांडणार नाही, हे तिनेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून चहा खरंच सांडत नव्हता.

ही विद्या डिप्लोमाच्या आधीची. लहानपणी तिच्या घरात खोली एक आणि माणसं सात. रात्रीची अंथरुणं घालायचं काम तिचं. पहाटे कोण उठतं, कोण घोरतं, कुणाला रात्री पाणी लागतं, कुणाचे पाय दाराबाहेर जातात, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वडील म्हणायचे, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, पोरी." ती म्हणायची, "बाबा, पाय तर सगळ्यांचे आहेत तेवढेच राहणार. बघायचं ते अंथरुणाचंच." पुढे ती यंत्रांची चित्रं काढायला शिकली, घरातली पहिली डिप्लोमावाली झाली, आणि या कारखान्यात लागली.

लग्नही कारखान्यातच जमलं म्हणायला हरकत नाही. पाइप कापायच्या टेबलावरची एक मोठी ताई तिला रोज निरखायची. एक दिवस डबा खाता खाता ती म्हणाली, "आमच्या घरी कपाट कुठे ठेवायचं यावरून आई आणि भाऊ वर्षभर भांडतायत. तू एकदा येऊन बघ." ही टेप घेऊन गेली. कपाटाची जागा ठरली, आणि थोड्या दिवसांनी हीही त्याच घरात ठरली. मोठी ताई तिची नणंद झाली. तेव्हापासून नणंद गेटच्या आत तिला बाकीच्यांसारखी पट्टीताई म्हणायची आणि गेटबाहेर पाऊल टाकलं की वहिनी.

नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. सासूबाई पडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. दुपारच्या सुट्टीत नणंद झपाझप घरी जायची, आईला कुशीवर वळवायची, चार घास भरवायची आणि भोंगा व्हायच्या आत परत टेबलाशी. पट्टीताईची सुट्टी अशी ठरलेली नव्हती, दिवसभर या शेडमधून त्या शेडमध्ये पळापळ असायची. म्हणजे घराचा सगळा डोलारा उभा होता तो या एका गोष्टीवर, की नणंदेचं टेबल घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

हातानं पाइप कापून नणंदेचं मनगट सुजायचं. लाकडी मापाला पाइप लावायचा, सुरी दाबायची, पुन्हा लावायचा, पुन्हा दाबायची. म्हणून कापायची मशीन येणार हे ऐकून सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला होता. "कापू दे तिला," ती म्हणाली होती, "आम्ही तुकडे तपासू, टोकाला तोट्या बसवू, जुड्या बांधू. मनगट तरी सुटेल."

टेबल लागणारच होतं. प्रश्न होता तो हा, की ते ठेवायचं कुठे.

मशीन देणाऱ्या कंपनीनं जो कागद पाठवला होता त्यावर नुसता एक चौकोन होता, मापं होती, आणि बाकी तपशील नंतर कळवू असं आश्वासन होतं. पट्टीताईनं त्यांच्या इंजिनिअरला फोन लावला. माणूस गडबडीत होता, मागे कुठेतरी ठोकाठोकी चालली होती.

"मशीनचं तोंड कुणीकडे ठेवायचं?" तिनं विचारलं.

"उजेडाकडे!" तो ओरडून म्हणाला. "ताई, बाकी काय वाटेल ते करा, पण तोंड उजेडाकडेच ठेवा. तोंड अंधारात ठेवलंत तर मग कापाबद्दल माझ्याकडे तक्रार करायची नाही."

"नक्की?"

"काळ्या दगडावरची रेघ!"

तिनं ती वहीच्या पानावर मारली.

आता या कारखान्यात तोंड म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारच्या शेडमध्ये पाइप बनवायच्या मशीनी होत्या. त्यांच्या तोंडात प्लास्टिकचा दाणा टाकायचा. तोंड चोंदलं की काठीने मोकळं करायचं. "हिचं तोंड मोठं, पण पोट लहान," असं फोरमन एका मशीनबद्दल म्हणायचा आणि मग उगाचच आपल्या बायकोची आठवण काढायचा. जिथून मशीन खाते, ते तोंड. तेव्हा कापायच्या मशीनमध्ये पाइप जिथून आत जातो ते टोक खिडकीकडे आलं पाहिजे, हे पट्टीताईला इतकं उघड वाटलं, की तिनं पुढे काही विचारलंच नाही.

खिडक्या हॉलच्या एका लांब भिंतीला. म्हणजे गुंडाळीचं स्टँड खिडकीखाली, तिथून पाइप, मग मशीन, मग पन्हळ, अशी सगळी ओळ खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत हॉलला आडवी कापत जाणार. टोकाला माणूस जेमतेम अंग चोरून जाईल एवढी फट. ढकलगाडी त्यातून जाणार नाही. मग तिला दुसरीकडून वाट द्या. वाट दिली की टेबल हलवा. टेबल हलवलं की ते मालाच्या दारात येतं. तिनं कागदाचे चौकोन कापले, एक मशीनचा, एक टेबलाचा, एक गाडीचा, आणि हॉलच्या नकाशावर ते सरकवत बसली. टेबल उभं केलं, तिरपं केलं, दोन तुकडे करून पाहिलं. दरवेळी काही ना काही बाहेर उरायचं, आणि उरायचं ते टेबलच.

बरं, तोंड उजेडाकडे का, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पडला, आणि तिनं त्याचं उत्तरही स्वतःच शोधलं. खिडकीतून सकाळचं ऊन येतं. उन्हानं प्लास्टिक जरा नरम होतं. नरम झालेला पाइप गुंडाळीची वळणं लवकर सोडतो आणि सरळ होऊन पात्याखाली जातो. सरळ पाइप, सरळ काप. वा! हे सुचल्यावर तिला इतकं बरं वाटलं, की तिनं ते फोरमनला सांगितलं, मालकांना सांगितलं, टेबलावरच्या बायकांनाही हातवारे करून समजावलं. चुकीला एकदा का शास्त्रीय कारण मिळालं, की ती चूक राहत नाही, अभ्यास होते.

मालकांनी नकाशा पाहिला. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचे प्रश्न छोटे असायचे.

"टेबल बसत नाही?"

"नाही साहेब. अजून एकदा बघते."

"किती वेळा बघणार? पलीकडच्या शेडमध्ये जागा आहे. टेबल तिकडे नेऊ."

पलीकडची शेड म्हणजे हमरस्त्याच्या पल्याड, वसाहतीच्या शेवटच्या टोकाला. जायला बस, यायला बस, आणि बस तिच्या मर्जीनं. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन येणं शक्यच नव्हतं.

टेबलावर बातमी पोचली. तिथे एक बाई होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणारी, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. ती पट्टीताईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ते उगीच नाही."

दुसरी म्हणाली, "अगं, जागाच नाही तर ती तरी काय करेल?"

"नाचता येईना अंगण वाकडं! एवढा मोठा हॉल, आणि सहा बायकांना बूड टेकायला जागा नाही?"

नणंद मान खाली घालून तोट्या बसवत होती. ती म्हणाली, "रेडिओ, आवाज जरा कमी कर. तिचं काम तिला कळतं."

घरी आल्यावर मात्र तिनं शांतपणे सांगितलं, "वहिनी, मी राजीनामा देते. आईला दुपारचं कोण बघणार? तुझ्या कामातून तुला निघता येत नाही, आणि निघूही नकोस."

"ताई, मी काहीतरी करते ना."

"काय करणार? खिडकी काय तू उचलून दुसऱ्या भिंतीला लावणार आहेस?" असं म्हणून नणंद हसली. पट्टीताईला हसू आलं नाही. हीच ती बाई, जिनं तिला कपाटाचं निमित्त करून या घरात आणलं होतं. टेबलावरच्या पाच जणी हिच्या जिवाभावाच्या. आणि आपल्याच पेन्सिलीनं तिला तिथून उठवायचं? त्या रेघांकडे बघवेना.

मशीन निघाल्याचा निरोप आला. जमिनीत बोल्टची भोकं पाडायच्या आधी जागा बघायला इंजिनिअर स्वतः येणार होता. पट्टीताईनं फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीनं सगळी ओळ आखून ठेवली: स्टँड, मोकळी जागा, मशीन, पन्हळ. टेबल भिंतीला सारून ठेवलेलं, न्यायला टेम्पो सांगितलेला. बायका शेवटच्या जुड्या बांधत होत्या.

इंजिनिअर आला तो तिच्याच वयाचा, गोल चेहऱ्याचा, घामाघूम. दारातच थबकला.

"ताई, मशीन अशी आडवी का पाडलीत?"

"आडवी म्हणजे? तुम्ही सांगितलंत तशीच आहे. तोंड खिडकीकडे."

"कुठे आहे खिडकीकडे? तोंड तर या भिंतीकडे आलंय."

"अहो, हे काय!" तिनं खिडकीखाली जाऊन पट्टीवर पाय आपटला. "इथून पाइप आत जाणार."

"तिथून जाणारच. पण तोंड इकडे आहे." तो पट्टीच्या चौकोनाच्या लांब बाजूला जाऊन उभा राहिला. "इथे माणूस उभा राहतो. इथे बटणं. इथून काप दिसतो. हे तोंड."

"म्हणजे मशीन खाते तिथून, आणि तोंड इथे?"

"हो!"

"मग जिथून खातात त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

रेडिओ फस्सकन हसली. इंजिनिअर कावराबावरा झाला, पण हटला नाही. "ताई, मी तुम्हाला म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघून बोला, तर तुम्ही काय माझे दात मोजणार? तोंड म्हणजे चेहरा! समोरची बाजू! आमच्या अख्ख्या कंपनीत समोरच्या बाजूलाच तोंड म्हणतात."

"आणि आमच्या अख्ख्या कारखान्यात खायच्या बाजूला."

मग तिनं अगदी हळू, जणू काही मोठ्यानं विचारलं तर उत्तर बदलेल अशा भीतीनं विचारलं, "उजेडाकडे कशासाठी हवं?"

"काप दिसायला! माणूस खिडकीकडे पाठ करून उभा राहतो, उजेड खांद्यावरून कापावर पडतो. काठ तिरका गेला, कुसळ राहिलं, तर लगेच कळतं. दुसरं काय कारण असणार?"

"ऊन," ती पुटपुटली.

"कसलं ऊन?"

"काही नाही."

म्हणजे ओळ खिडकीपासून भिंतीकडे जातच नव्हती. ती खिडक्यांना समांतर जात होती, हॉलच्या लांबीत, आणि लांबी तर भरपूर होती. पट्टीताईला नकाशा बघावाही लागला नाही. डोक्यातला मशीनचा चौकोन गर्रकन वळला आणि सगळा हॉल एखाद्या बंद छत्रीसारखा उघडला. खिडकीलगत माणसाची वाट. मग मशीन. मशीनमागे हात घालायला जागा. मग गाडीचा रस्ता, सरळ, कुठे वळण नाही. आणि त्याच्या पलीकडे...

ती गुडघ्यांवर बसली आणि पिवळी पट्टी फरशीवरून ओरबाडायला लागली.

"अगं, काय झालं?" नणंद धावत आली.

"ताई, टेबल बसतंय," ती म्हणाली. "ताई, टेबल बसतंय! मी तोंडघशी पडले, पण टेबल बसतंय!"

मग एकच धांदल उडाली. बायका उठल्या, कुणी पट्टी काढतंय, कुणी नवी लावतंय. टेपचं एक टोक इंजिनिअरच्या हातात, दुसरं पट्टीताईच्या. शब्दांवरचा तिचा विश्वास मात्र पार उडाला होता. इंजिनिअर म्हणाला, विजेच्या कपाटाचं दार मागे उघडतं. ती म्हणाली, "मागे म्हणजे? तोंडाच्या मागे की शेपटीच्या? बोटानं दाखवा." त्यानं बोटानं दाखवलं, आणि दाखवता दाखवता त्याच्या लक्षात आलं, की आपणच सांगितलेल्या अंतरात ते दार अर्धंच उघडेल. त्यानं कान पकडले. ओळ वीतभर खिडकीकडे सरकली. गाडी रिकामी ढकलून पाहिली, मग भरलेली. फोरमननं मशीनच्या जागी उभं राहून कापायचा अभिनय केला. शेवटी सहा जणींनी टेबल उचलून आणलं आणि जमिनीवर ठेवलं. मागे खुर्ची सरकवायला जागा राहिली. दोन्ही बाजूंनी वाट राहिली. पट्टीताईनं तरी टेप लावून पाहिली, कारण नजरेवर विश्वास ठेवायचे दिवस ते नव्हते.

मालक आले. ती उठून उभी राहिली, गुडघ्यांना धूळ, केसात पिवळ्या पट्टीचा तुकडा.

"साहेब, चूक माझी. मी तोंड चुकीचं धरलं होतं. ते उन्हाचं जे सांगितलं होतं, तेही माझ्याच मनाचं."

"अर्धी माझी, साहेब," इंजिनिअर म्हणाला. "मी फोनवर घाई केली."

मालकांनी हॉलभर नजर फिरवली. "टेबल बसलं?"

"बसलं."

"मग तोंड कुणाचं कुठे का असेना," ते म्हणाले आणि टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगायला निघून गेले.

रेडिओला आता विषय मिळाला होता, तो ती कसली सोडते! "खायचं तोंड वेगळं, बोलायचं तोंड वेगळं," ती म्हणाली. "देवाने माझी मशीन बनवताना दोन्ही एकाच ठिकाणी बसवली, म्हणून तर घोटाळा झाला." मग ती पट्टीताईजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दांडा म्हटलं त्याचं मनावर घेऊ नकोस हं." रेडिओचा आवाज इतका खाली जाऊ शकतो, हे त्या दिवशी प्रथम कळलं. ते दोन शब्द मात्र कारखान्यात रुजले. खायचं तोंड म्हणजे पाइप जातो ते, बोलायचं तोंड म्हणजे बटणांचं. पट्टीताईनं नव्या नकाशावर तसंच लिहिलं, आणि मालकांनी त्यावर न हसता सही केली.

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. रस्त्यावर सुट्टी झालेल्या माणसांची गर्दी, सायकलींच्या घंट्या, दुकानांत लागलेले दिवे. पट्टीताईला अंगातून ताप उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रस्त्याची रुंदी न मोजता चालत होती. गेटबाहेर पाऊल पडलं तशी नणंद म्हणाली, "वहिनी, केसात ते काय अडकलंय? थांब." आणि तिनं पिवळा तुकडा काढून टाकला.

"राजीनामा लिहिला होता का तुम्ही?"

"लिहायला बसले होते. 'कारण' या शब्दापाशी अडले. काय लिहिणार, ऊन?"

दोघी रस्त्यातच थांबून हसल्या. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून थकला आणि वळसा घालून पुढे गेला.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना निम्मं कळलं, पण मुलगी दुपारी येत राहणार एवढं बरोबर कळलं. "मग तोंड गोड करा," त्या म्हणाल्या. यावर या दोघी पुन्हा का हसायला लागल्या, ते मात्र त्यांना कळलं नाही.

नणंद आत चहा टाकायला गेली. पट्टीताई सासूबाईंच्या पायाशी बसून राहिली, आणि हसू ओसरल्यावर एक गोष्ट तिच्या मनात वर आली. नणंद त्या हॉलमध्ये तिच्याहून किती तरी आधीपासून काम करत होती. तिच्या टेबलावर रोज सकाळी तेच ऊन पडायचं. उन्हातले पाइप आणि सावलीतले पाइप, दोन्ही तिच्या हाताखालून हजारदा गेलेले. नकाशा समजावताना पट्टीताई तिच्यासमोर हातवारे करून सांगत होती, ऊन लागलं की पाइप सरळ होतो, आणि ती मान डोलवत होती. एकदाही 'पण' म्हणाली नाही. आणि त्या 'पण'च्या जागी आपली नोकरी सोडायला निघाली होती.

चहाचे कप घेऊन नणंद बाहेर आली. पट्टीताईनं कप घेतला, आणि विचारू की नको करत शेवटी विचारलंच.

"ताई, खरं सांगा. ते उन्हाचं तुम्हाला पटलं होतं, की मी सांगतेय म्हणून गप्प बसलात?"